पाते लागले काय, भाऊ?

लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते पुन्हा ८ नोव्हेंबरवर जातं. तीन आठवड्यांची ही ये-जा शहरातल्या माणसाला सुट्ट्या जुळवण्यापुरती जाणवते. अमरावती-अकोल्याकडच्या कापूसवाल्या घरात मात्र तिचा हिशोब रोकड्यात होतो. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर सणाआधी एखाद-दुसरा वेचा घरात आलेला असतो, सोयाबीनही विकून झालेलं असतं. ती ऑक्टोबरातच आली तर निम्मी बोंडं झाडावर हिरवीच असतात आणि फराळाचं सामान उधारीवर येतं. पऱ्हाटीला दिवाळी ठाऊक नसते. फूल उमललं त्या दिवसापासून बोंड फुटायला तिला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात आणि ते ती कुणाच्याही सणासाठी कमी करत नाही.

म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये पारावर, एस.टी.त, कृषी केंद्राच्या बाकड्यावर जो प्रश्न ऐकू येतो त्यात तारीख नसते. ‘पाते लागले काय, भाऊ?’ एवढंच विचारलं जातं. उत्तरावरून विचारणारा बाकीचं सगळं मनात मांडून मोकळा होतो: पेरणी कोणत्या पावसावर साधली, मधे खंड किती पडला, पहिली फवारणी केव्हा लागेल, वेचणीला बाया कधी सांगून ठेवाव्या लागतील. झाडाच्या अवस्थेवरून काळ मोजायची ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिला शास्त्र म्हणतात असं सांगितलं तर बाकड्यावरचा माणूस हसेल.

सणांचं पंचांग आणि शेताचं पंचांग शेतकऱ्याने कधी एक मानलंच नाही. सण चंद्रावर चालतात, पेरणी नक्षत्रावर, म्हणजे सूर्यावर. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र पालटतं. अधिक महिना येवो न येवो. मृगात साधली, आर्द्रात मोड आली, मघा कोरडी गेली, हस्ताने गंज्या भिजवल्या, ही भाषा हवामान खात्याचे संदेश मोबाइलवर येऊ लागल्यावरही टिकून आहे, कारण सौर असल्यामुळे ती पिकाच्या वाढीशी जुळते. एक बारीक गोष्ट मात्र या हिशोबात कुणी धरत नाही. नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे मृगाचा प्रवेश ऋतूच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. एका पिढीला हे कळणारही नाही. पण ‘बृहत्संहिता’ लिहिणाऱ्या वराहमिहिरापासून दीड हजार वर्षं झाली. त्याच्या काळचा मृग आजच्या मानाने मे महिन्याच्या मध्यावर पडत होता. जुनी पर्जन्यवचनं आजच्या तारखांना जशीच्या तशी लावणाऱ्यांनी एवढं गणित करून पाहायला हरकत नाही.

ज्वारीचा पेरा मोठा होता तोवर वऱ्हाडातल्या पोरांना वाढीच्या अवस्था न शिकवता येत. ज्वारी पोटरीत आली, निसवली, फुलोऱ्यात आली, दाण्यात दूध भरलं, मग चीक, मग हुरडा, मग कडक दाणा. प्रत्येक पायरीला एकेक काम बांधलेलं. दूध भरलं की माचाणावर चढून पाखरं हाकायची, हुरड्यात आली की पाहुण्यांना आवतण. पुढे जर्मनीत पिकांच्या अवस्थांना दोन आकडी क्रमांक देणारी बीबीसीएच नावाची मोजपट्टी तयार झाली आणि ती जगभर वापरात आली. तिच्यात शून्य ते नऊ असे दहा मुख्य टप्पे आहेत. तृणधान्यांसाठी त्यातला चौथा म्हणजे पोटरी, पाचवा निसवणं, सहावा फुलोरा, सातवा दूध आणि आठव्यात चिकापासून पिकलेल्या दाण्यापर्यंतचा प्रवास. आमच्याकडे क्रमांक नव्हते, बाकी सगळं होतं. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली तेव्हा ही शिडी शेतातून गेली.

कपाशीची शिडी मात्र शाबूत आहे. पाते, फूल, बोंड, वेचा आणि शेवटची वेचणी म्हणजे उलंगवाडी. पाते म्हणजे तीन हिरव्या, दातेरी पानांच्या आवरणात मिटलेली कळी. पेरणीपासून महिना-सव्वा महिन्यात ती दिसू लागते आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत तिचं फूल होतं. आजच्या अमेरिकन कपाशीच्या संकरित वाणांचं फूल सकाळी उमलतं तेव्हा साईसारखं पांढरट असतं; संध्याकाळपर्यंत त्यावर गुलाबी झाक चढते आणि दुसऱ्या दिवशी ते लालसर होऊन मिटू लागतं. त्यामुळे ओळीतून चालताना पांढरी फुलं मोजली की आजची फुलं कळतात आणि गुलाबी मोजली की कालची. देशी कपाशी वेगळी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-५, एकेए-७ असे देशी वाण दिले. त्यांचं फूल पिवळं आणि तळाशी गडद लाल ठिपका. एकेकाळी वऱ्हाड या देशी कपाशीवरच उभा होता. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला त्यात इथल्या कापसाचं आकर्षण थोडं नव्हतं. आता पिवळ्या फुलाची कपाशी बघायची तर शोधावी लागते.

फुलांच्या याच गर्दीत एखादं फूल उमलायचं राहून गेलेलं दिसतं. पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, फूल भोवऱ्यासारखं पीळ देऊन बंद. ही डोमकळी. दोन बोटांनी पाकळ्या उलगडल्या की आत रेशमाचे बारीक धागे दिसतात आणि परागात तोंड घातलेली कोवळी अळी. तीच गुलाबी बोंडअळी. पण या वयात ती अजून गुलाबी झालेली नसते, पांढुरकी असते, त्यामुळे अनेकजण ‘ही ती नव्हे’ म्हणून पुढे जातात. नंतरच्या पिढ्यांतली अळी बोंडात शिरली की तिचं भोक बुजून जातं, बोंड बाहेरून धडधाकट दिसतं आणि फुटल्यावर आत पिवळी, सडकी कवडी निघते. म्हणजे ही कीड डोळ्यांना सहज दिसते ती फुलाच्या अवस्थेत. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या बोंडांची जी नासाडी केली ती इथे कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर कामगंध सापळे लावून पतंग मोजायची सवय लागली: सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या निघाल्या, तर फवारणी. आकडे साधे आहेत. पण शंभर फुलं खरोखर मोजावी लागतात, बांधावरून अंदाज घेऊन भागत नाही.

यातला खरा डाव वेळेचा आहे. जमिनीत आणि जुन्या पऱ्हाट्यांत दडलेल्या कोषांतून पावसाबरोबर पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शिवारात पाते-फूल नसेल तर मादीला अंडी घालायला ठिकाण सापडत नाही आणि ती पिढी वाया जाते. पण मे महिन्यात ओलिताखाली कपाशी लावलेली असली तर तिला तोवर पाते लागलेले असतात आणि एका शेताच्या घाईवर सगळ्या गावाची कीड पोसली जाते. बीटी कापसाचं बियाणं १ जूनपूर्वी शेतकऱ्याला विकू नये, असे आदेश कृषी विभागाने मधल्या काही वर्षांत काढले ते याचसाठी. दुकानदार आणि शेतकरी दोघेही त्यावर चिडले. आदेशात कीटकाच्या आणि कळीच्या गाठभेटीचा हिशोब होता. लोकांपर्यंत फक्त बंदी पोचली. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचून झालेली पऱ्हाटी पाणी देऊन पुन्हा राखू नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, या सल्ल्यामागेही तोच हिशोब आहे. ओलित असलेल्याला ते पटत नाही, कारण झाडावर अजून पाते दिसत असतात आणि दिसणाऱ्या पात्यावर नांगर फिरवणं जिवावर येतं.

आणखी एक गोष्ट पऱ्हाटी शिकवते. झाड दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. ठरावीक तापमानाच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. कपाशीसाठी ही रेषा साधारण १५ अंशांच्या आसपास धरतात, सोयाबीनसाठी १० अंश. रोजचं सरासरी तापमान त्या रेषेच्या जितकं वर तेवढी त्या दिवसाची कमाई. कमाईची बेरीज पुरी झाली की पुढची अवस्था. त्यामुळे ऑगस्टच्या फुलाचं बोंड वेळेत फुटतं आणि ऑक्टोबरात लागलेलं बोंड थंडीत रेंगाळत बसतं. उलंगवाडी लांबते ती मजूर मिळत नाहीत म्हणून, तशीच गारठ्यामुळेही.

सोयाबीन या मातीत तसं नवखं. जबलपूरहून आलेल्या जेएस ३३५ या वाणाने १९९० च्या दशकापासून इथली शिवारं व्यापली आणि त्याच्यासोबत त्याची मोजपट्टीही आली. अमेरिकेतल्या फेर आणि कॅव्हिनेस यांनी १९७७ मध्ये ती बांधली: पानांच्या वाढीचे ‘व्ही’ टप्पे आणि फुलापासून पक्वतेपर्यंतचे ‘आर’ टप्पे, एक ते आठ. मुख्य खोडावर कुठेही एक फूल उमललं की आर-१. वरच्या चार पेरांपैकी एकावरच्या शेंगेत हिरवा दाणा पोकळी भरून बसला की आर-६. एक शेंग पिकल्या रंगाची झाली की आर-७. शेतातली निम्मी झाडं त्या टप्प्याला पोचली की शेत पोचलं असं धरायचं. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रात तयार झालेल्या वाणांच्या क्रमांकांत ‘एएमएस’ ही अक्षरं दिसतात. सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा, यलो गोल्ड, पूर्वा हे त्यांतले. एखादा वाण लवकर येतो की उशिरा, ते या टप्प्यांवरूनच ठरतं.

जूनच्या अखेरीस पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या सुरुवातीला फुलतं आणि महिना संपताना दाणे भरू लागतं. नेमका तेव्हाच पावसाचा मोठा खंड पडण्याची खोड वऱ्हाडाच्या आभाळाला आहे. फुलात पाणी तुटलं तर झाड काही फुलं गाळून पुढे नवी काढतं; दाणे भरताना तुटलं तर त्याच्याकडे दुसरा डाव नसतो, दाणा ज्वारीएवढा राहतो. एकच स्प्रिंकलर आणि विहिरीत दोन पाळ्यांचं पाणी असलेल्या माणसासाठी आर-१ (पहिलं फूल) आणि आर-५ (दाणे भरायला सुरुवात) यांतला फरक म्हणजे अख्ख्या वर्षाचा फरक. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तर तीही सोय नाही. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर-मूर्तिजापूरकडे जमिनीखालचं पाणीच खारट. तिथे झाडाची अवस्था बघायची आणि आभाळाकडे बघायचं.

अवस्था नोंदवण्याचं सरकारी काम महाराष्ट्रात नाही असं नाही. २००८ च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातलं सोयाबीन चाळणी करून टाकलं, तेव्हा पुढच्या वर्षी ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प उभा राहिला. निवडलेल्या शेतांत दर आठवड्याला जायचं, ठरलेल्या जागी झाडं तपासायची, किडींची संख्या आणि पिकाची अवस्था लिहायची, त्यावरून सल्ला द्यायचा. अकोल्याच्या विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान-सल्लाही ‘कपाशी: पाते ते फुलोरा अवस्था’ अशाच भाषेत बोलतो. कागद नीट भरला जातो तिथे या नोंदी सोन्याच्या. कचेरीत बसून मागच्या आठवड्याचा तक्ता पुढे ओढला जातो तिथे कपाशी तीन आठवडे पात्यातच राहते. असे तक्ते ज्याने पाहिलेत त्याला हसावं की रडावं ते कळत नाही.

संत्र्याकडे वळलं की गोष्ट उलटी होते. इथे माणूस झाडाच्या अवस्थेची वाट पाहत नाही, ती घडवून आणतो. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी आणि अकोल्यातला अकोट हा सगळा संत्र्याचा पट्टा. वर्षात दोन मुख्य बहार: जानेवारी-फेब्रुवारीत फुटणारा आंबिया, ज्याची फळं दिवाळीच्या आसपास तोडणीला येतात, आणि पहिल्या पावसावर फुटणारा मृग, ज्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. एका झाडाने दोन्ही बहार सारख्या ताकदीने पेलणं शक्य नसतं, म्हणून एक धरायचा आणि दुसरा सोडायचा.

धरायचा म्हणजे आधी झाडाला उपाशी ठेवायचं. आंबियासाठी डिसेंबरात बागेचं पाणी बंद होतं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. याला ताण देणं म्हणतात, आणि संत्र्याच्या बागेत डिसेंबर अखेरीस जे चालतं ते बघायला तयार डोळा लागतो. आधी पानांची चकाकी जाते. मग दुपारी पानं कडेने आत वळतात, पण सकाळी पुन्हा सरळ झालेली असतात. इथवर ताण बसलेला नाही. ज्या दिवशी सकाळीही पान वळलेलंच दिसतं आणि फिकट पडून खालची पानं गळू लागतात, त्या दिवसापासून बागायतदार झाडाखाली जास्त वेळ थांबू लागतो. थोडी पानगळ हवीच असते. जास्त झाली तर काडी वाळते. पाणी द्यायचा दिवस या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो आणि तो कॅलेंडरात छापून येत नाही. मग आळी चाळायची, शेणखत टाकायचं, पहिलं पाणी हलकं, पुढचं जरा जास्त. दोन-तीन आठवड्यांत कोवळ्या फुटीसोबत हिरवट पांढऱ्या कळ्यांचे दाणे दिसतात, आणि मग बागेच्या पांदणीतून जाणाऱ्याला वास सांगतो की बहार फुटला.

झाडाच्या आत काय घडतं तेही आता बऱ्यापैकी कळलं आहे. थंडी किंवा पाण्याची टंचाई यांमुळे संत्र्याची वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं आणि पानं काढणारे डोळे फुलं काढायच्या तयारीला लागतात. आंबियाला डिसेंबरची थंडी आणि ताण दोन्ही मिळतात. मृगाला मे महिन्याचं ऊन हाच ताण. भारी जमिनीत ओल हटत नाही तिथे वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटची फवारणी करतात.

आणि याच ठिकाणी हवामान घोळ घालतं. जानेवारीत अवकाळी पाऊस आला की बसत आलेला ताण तुटतो आणि बाग एकदम न फुटता तुकड्या-तुकड्याने फुटते: एका झाडावर फूल, वाटाण्याएवढं फळ आणि नुसती पालवी, सगळं सोबत. अशा बागेला कोणती फवारणी कधी करायची हे कुणालाच धड सांगता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन अचानक चढलं की कोवळी फळं गळतात. मृगाचं दुखणं वेगळं. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मे रोजी, मुंबईत २६ मे रोजी पोचला आणि पुढे अडखळला. वऱ्हाडाला खऱ्या पावसासाठी निम्मा जून वाट पाहावी लागली. मे महिन्याच्या सरींनी ताण तोडायचा आणि नंतर पाणीच नाही, असं झालं की मृगाचा बहार अर्धामुर्धा येतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात मात्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत पाऊस किंवा तापमान किती, यावरच भरपाई ठरते. बहार पंधरा दिवस मागे-पुढे झाला तर झाडाची नाजूक अवस्था एकीकडे आणि विम्याच्या तारखा दुसरीकडे. भरपाईवरून होणाऱ्या भांडणांपैकी पुष्कळशी या अंतरातून निघतात, असं माझं मत आहे.

परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटात शिरलं की ताण देणारं कुणी नसतं, उन्हाळाच देतो. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे सागाचं पानगळी जंगल फेब्रुवारीत उघडं पडू लागतं. काटेसावर, पळस, पांगारा निष्पर्ण असताना फुलतात. मुलूख सोडून मजुरीला गेलेली कोरकू माणसं होळीला गावी परततात तेव्हा पळस भरात असतो. त्यामागे मोह. त्याची मांसल फुलं रात्री सुटतात आणि पहाटे झाडाखाली सडा असतो. ती वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा पेटवला जातो आणि मेळघाटातल्या वणव्यांत या ठिणगीचा वाटा मोठा असतो. मोह किती आठवडे फुलतो हा प्रश्न म्हणजे एकाच वेळी कोरकू घराचं उत्पन्न आणि वनखात्याची झोप.

त्याहून मोठं कोडं पालवीचं. मार्च-एप्रिलमध्ये, जमीन तडकलेली, ऊन चाळिशीच्या वर, पाऊस अजून दोन महिने लांब. आणि कुसुम लालबुंद पानं काढतो, मोहाला तांबूस पालवी येते, पिंपळ आणि कडूनिंब नवे होतात. पाणी नसताना हे कशाच्या जोरावर? खोडात आणि खोल मुळांशी राखलेलं पाणी, आणि वाढत जाणाऱ्या दिवसाची खूण, असं अभ्यासकांचं म्हणणं. पाऊस येईल त्या दिवशी पान पूर्ण तयार असलं की वाढीचा एकही ओला दिवस वाया जात नाही, आणि पावसासोबत येणाऱ्या अळ्यांना कोवळं पान मिळत नाही. साग मात्र घाई करत नाही. त्याची मोठी पानं पावसाच्या तोंडावर येतात आणि फुलोरा भर पावसाळ्यात.

झाडांवरून पुढचं ओळखायची हौस जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुसुमलता नावाचा अध्यायच आहे: मोह चांगला आला तर गहू पिकेल, जांभूळ आलं तर तीळ-उडीद, कुंद बहरला तर कापूस. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडून अठरा धान्यांवरून पीकपाणी सांगतात, पण तिथे वाढणाऱ्या झाडाचा संबंध नाही, म्हणून ते सोडून देऊ. बहाव्याची गोष्ट मात्र दर मे महिन्यात मोबाइलवर फिरते: बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस. आता अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एकाच रस्त्यावर एक बहावा एप्रिलच्या मध्याला पिवळा होतो आणि चार घरांपलीकडचा मे उजाडल्यावर. पंचेचाळीस दिवस कोणत्या झाडापासून मोजायचे? केरळात विषूच्या सणाला, १४-१५ एप्रिलला, बहाव्याची फुलं लागतात. तिथे तो सणाच्या कितीतरी आधीच फुलून जातो अशी तक्रार आता सर्रास ऐकू येते. ती खरी की आठवणीचा खेळ, हे नोंदी असल्याखेरीज ठरत नाही.

मराठीत ऋतूंवर डोळा ठेवून लिहिणाऱ्यांची उणीव नव्हती. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं, महिन्यामागून महिना झाडं बघत. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत मेळघाटासह विदर्भातली जंगलं पायाखाली घातली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. या दोघांच्या पुस्तकांतून बघायची दृष्टी मिळते. एकाच झाडाची वीस वर्षांची तारीखवार वही हा वेगळा, रुक्ष प्रकार आहे आणि तो आपल्याकडे कुणाला रुचला नाही. जपानात क्योटोच्या चेरीचा बहर नवव्या शतकापासून दरबारी आणि भिक्षूंच्या रोजनिशींत सापडतो. त्यामुळेच २०२१ चा २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, हे ठामपणे सांगता आलं. इंग्लंडात नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या आणि त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत लिहिल्या. यातल्या कुणाला हवामानबदल सिद्ध करायचा नव्हता.

भारतात ‘सीझनवॉच’ २०१० पासून हेच काम लोकांकडून करून घेतं. जवळचं एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याच झाडाकडे पाहायचं. पालवी, पक्व पानं, जून पानं. कळ्या, उमललेली फुलं. कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकासमोर तीनपैकी एकच उत्तर: नाही, थोडं, किंवा पुष्कळ. झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर थोडं. एवढंच. नोंदींचा मोठा भाग केरळातून येतो, कारण तिथल्या शाळांनी ते अंगावर घेतलं.

अकोल्यात किंवा अमरावतीत कडूनिंबापासून सुरुवात केलेली बरी. तो सगळीकडे आहे, महाशिवरात्रीच्या सुमाराला पानं गाळतो, पाडव्याला त्याची कोवळी पानं-फुलं घरात येतात, जूनमध्ये निंबोळ्या पिकतात आणि शेतकऱ्याला पाच टक्के अर्कासाठी त्या तेव्हाच गोळा कराव्या लागतात. झाड निवडताना रस्त्यावरच्या दिव्याखालचं टाळावं. रात्रीच्या उजेडाने झाडांचं वेळापत्रक हलतं असं परदेशातल्या शहरांत दिसून आलंय. नाल्याकाठचंही नको, त्याला उन्हाळा लागत नाही. धुऱ्यावरचं, कुणी पाणी न घातलेलं झाड उत्तम. आणि फूल नसलं तरी ‘नाही’ असं लिहायचंच. नुसती फुललेल्या दिवसांची नोंद केली की वही सुंदर होते आणि निरुपयोगी.

गंमत अशी, की अशा नोंदींचा एक प्रचंड साठा राज्यात आपोआप जमतो आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. त्यावर तारीख आणि ठिकाण आपोआप पडतं. सातबाऱ्यावर पीक लागलं की फोटोचं काम संपलं. पण त्या फोटोत कपाशीला पाते आहेत की फूल, सोयाबीनला शेंगा धरल्यात का, तुरीने फांद्या किती फोडल्यात, हे सगळं दिसतं. गावोगावचं, गट क्रमांकासह, वर्षामागून वर्ष. पीक कोणतं एवढंच त्यातून वाचलं जातं. अवस्थेचा एक रकाना जोडायला फार खर्च येणार नाही, आणि एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एकाच तालुक्याचे जुने फोटो बसून वाचले तरी दर्यापूरच्या आणि अचलपूरच्या कपाशीत कोणत्या साली किती दिवसांचं अंतर पडलं ते कागदावर येईल. पैसेवारी, विमा, दुष्काळ हे सगळे वाद आज ज्या एका मुद्द्यावर अडतात, म्हणजे पाऊस तुटला तेव्हा पीक कुठल्या अवस्थेत होतं, त्याचं उत्तर महसूल खात्याच्या साठ्यात तारखेसकट पडलेलं आहे.